जायचं तर थंडीतच जा

॥ श्री ॥

नाशिक,
होळीपौर्णिमा

चि. बाळ हिस,
आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तुझं विचारणं घाईत झालं आणि माझं सांगणंही. म्हणून आज निवांत लिहायला बसले आहे. तुम्ही दोघं लग्नाच्या वाढदिवसाला नॉर्वेला जायचं म्हणताय, तर जूनमध्ये मोठ्या क्रूझवर जावं की आमच्यासारखं फेब्रुवारीत किनाऱ्याच्या बोटीनं, असं तू विचारलंस. माझं मत पक्कं आहे. थंडीतच जा आणि आम्ही गेलो त्याच बोटीनं जा. का, ते सांगते.

आधी बोटीविषयी. ही बोट पर्यटकांसाठी जन्माला आलेली नाही. १८९३ साली रिचर्ड विथ नावाच्या कप्तानानं ट्रॉनहाइमहून हॅमरफेस्टपर्यंत पहिली फेरी नेली, ती टपाल, माल आणि माणसं पोचवायला. त्याआधी हिवाळ्यात उत्तरेला पत्र पोचायला महिनोन्महिने लागत, कारण अंधारात त्या खडकाळ किनाऱ्यावर बोट घालायला कोणी धजत नसे. विथनं आणि त्याच्या वाटाड्यानं होकायंत्र आणि घड्याळ लावून कुठल्या दिशेला किती वेळ जायचं, याच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या होत्या. त्या वह्यांच्या भरवशावर फेरी सुरू झाली. आता टपाल विमानानं जातं. पण माल आणि गावकरी अजूनही बोटीनं ये-जा करतात. बर्गन ते किर्केनेस आणि परत, १२ दिवस, ३४ बंदरं. काही बंदरांत तीन-चार तास थांबते, काही ठिकाणी जेमतेम पंधरा मिनिटं. रात्री दोनला एखादं गाव लागतं, बोटीच्या कुशीतलं दार उघडतं, फोर्कलिफ्ट आत-बाहेर करते, एखादी शाळकरी मुलगी दप्तर घेऊन उतरते, दार बंद, बोट निघाली. तुझ्या बाबांनी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये उभी हयात टपालाची तिकिटं छापण्यात घालवली, त्यांना टपालाच्या वाटेवरून जातोय याचंच केवढं अप्रूप! पहिल्याच बंदरात त्यांनी तिकिटं विकत घेतली आणि केबिनच्या दिव्याखाली भिंग लावून कड, रंग, छपाई सगळं तपासलं. तुला टाकलेलं कार्ड मिळालं का, ते कळव, रोज विचारतात.

आता थंडीचं. मी आयुष्यभर भूगोल शिकवला. 'उबदार सागरी प्रवाहामुळे नॉर्वेची बंदरे हिवाळ्यातही गोठत नाहीत' हे वाक्य मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल, याची गणती नाही. मुलं पाठ करायची, एका गुणाला लिहायची. जूनमध्ये गेलीस तर हे वाक्य दिसतच नाही ग. तेव्हा सगळीकडेच पाणी मोकळं असतं. फेब्रुवारीत मी डेकवर गेले तर कठड्यावर बोटभर बर्फ चढलेला, दोरखंड काठीसारखे कडक, डोंगर पायथ्यापर्यंत पांढरे आणि खाली समुद्र मात्र काळा, मोकळा, खळखळता. याच अक्षांशावर ग्रीनलंडचा पूर्व किनारा गोठलेला असतो. बोथनियाचं आखात तर याच्या दक्षिणेला, तरी त्याचा वरचा भाग दर हिवाळ्यात गोठतो. लोफोटन बेटांवरच्या स्वोल्वरला धक्क्याच्या पायरीवर बसून मी हातमोजा काढला आणि पाण्यात हात घातला. हवा शून्याच्या खाली होती, पाणी तिच्यापेक्षा उबदार. मेक्सिकोच्या आखाताकडून निघालेलं पाणी अटलांटिक ओलांडून इथवर पोचतं, नैऋत्येचे वारे त्याची ऊब किनाऱ्यावर आणतात, आणि त्या जोरावर ६८ अंश उत्तरेला माणसं घरं बांधून राहतात, मासे धरतात, मुलांना शाळेत पाठवतात. मला भरून आलं. बाबा मागे माझा हातमोजा धरून उभे होते, काही बोलले नाहीत.

लोफोटनला मासे वाळवतात तेही थंडीतच बघायला मिळतं. बॅरेंट्स समुद्रातले कॉड मासे जानेवारीपासून अंडी घालायला इथं येतात. ते साफ करून जोड्या बांधून लाकडी मांडवांवर उघड्यावर टांगतात, फेब्रुवारीपासून मेपर्यंत. मीठ नाही, धूर नाही. आपल्याकडे सातपाटीला बोंबील वाळतात ते उन्हाच्या जोरावर. इथं काम करतो तो वारा आणि शून्याच्या आसपास रेंगाळणारं तापमान. थंडी फार वाढली तर गोठून मांस फुटतं, ऊब वाढली तर माशा बसतात. या दोन्हींच्या मधला जो नेमका पट्टा आहे, त्यावर त्या बेटांचा हजारभर वर्षांचा व्यापार उभा आहे. मासा इटलीला जातो, वाळलेली डोकी नायजेरियाला, रश्श्यासाठी. काही वाया जात नाही. मी शाकाहारी असून त्या मांडवांखाली किती वेळ उभी होते! वास येतो, पण मन खट्टू होईल असा नाही.

ट्रॉम्सोला दोन महिने सूर्य दिसत नाही. २१ जानेवारीला तो डोंगरामागून पहिल्यांदा डोकावतो आणि त्या दिवशी गावात गोड पाव वाटून खातात. आम्ही पोचलो ते रथसप्तमीच्या आसपास. अंगणात रांगोळी काढून सूर्यासमोर दूध उतू घालायचं, ते इतक्या वर्षांत मी कधी चुकवलेलं नाही. तिथं खिडकीतून त्या फिकट सूर्याला हात जोडले. जेवणाच्या वेळी बाबांनी विचारलं, आज सूर्य किती मिनिटं दिसला? मग रोज तो हिशोब ठेवायला लागले. रोज आठ-दहा मिनिटांनी दिवस मोठा होत जातो, हे डोळ्यांना जाणवतं. जूनमध्ये तिकडे रात्रच होत नाही, त्यालाही आपली शोभा असेल. पण अंधार सरताना बघायला मिळणं ही गोष्टच वेगळी.

बंदरांबद्दल माझं एक नीट ऐक. प्रत्येक ठिकाणची सहल बोटीवर विकत मिळते: कुत्र्यांची गाडी, बसनं नॉर्थ केप, आणखी काय काय. एखादी घ्या, नॉर्थ केपची घ्या. ७१ अंश १० मिनिटांवर ३०७ मीटर उंच कड्यावर उभं राहायचं आणि समोर फक्त पाणी, ते चुकवू नका. बाकीच्या बंदरांत मोकळे उतरा. ऑलेसुंडला नुसतं चाला. १९०४ च्या जानेवारीत एका रात्रीत सगळं गाव जळलं आणि पुढच्या तीन-चार वर्षांत दगडी नक्षीच्या घरांचं पुन्हा उभं राहिलं, ते बघायला तिकीट लागत नाही.

हॅमरफेस्ट मात्र मी तुला बजावून सांगते आहे. परतीच्या वाटेवर बोट तिथं थांबते. धक्क्यावरून खाडीला वळसा घालून पलीकडे गेलं की ग्रॅनाइटचा एक खांब आहे, वर पृथ्वीचा गोल. फ्रीडरिश स्ट्रूव्ह नावाच्या खगोलशास्त्रज्ञानं १८१६ ते १८५५ या काळात इथपासून थेट काळ्या समुद्रापर्यंत २,८२० किलोमीटर लांबीची रेषा त्रिकोण जोडत जोडत मोजली, पृथ्वीचा नेमका आकार कळावा म्हणून. खांब त्या रेषेच्या उत्तर टोकाला आहे. आपल्याकडे विल्यम लॅम्बटन या इंग्रज अधिकाऱ्यानं १८०२ साली मद्रासजवळ मोजणी सुरू केली आणि पुढे जॉर्ज एव्हरेस्टनं ती हिमालयापर्यंत नेली, ती याच कामाची. पृथ्वी ध्रुवांकडे किती चपटी आहे हे काढायचं तर विषुववृत्ताजवळचा एक अंश आणि ध्रुवाजवळचा एक अंश दोन्ही मोजावे लागतात. तिकडच्या बर्फात आणि आपल्या रानावनात तंबू ठोकून, दुर्बिणी वाहून, तापानं माणसं मरत असताना लोकांनी ते मोजलं. २००५ साली युनेस्कोनं त्या रेषेला जागतिक वारसा ठरवलं. तिथं त्या दिवशी आम्हा दोघांशिवाय कोणी नव्हतं. पोपडा धरलेला बर्फ मी हातमोज्यानं पुसला आणि खांबावरचा मजकूर वाचला. मी शिकवलेल्या मुलांपैकी एक जरी तिथं पोचला तर मला केवढा आनंद होईल!

होनिंग्सवोगला चर्च बघा. १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानं उत्तरेचा सगळा किनारा जाळत नेला, त्या गावात उभी राहिली ती एवढी एकच इमारत. परत आलेल्या लोकांनी सुरुवातीला तिथंच आसरा घेतला. आणि किर्केनेसला रस्त्यांच्या काही पाट्या रोमन आणि रशियन अशा दोन लिप्यांत आहेत, कारण रशियाची हद्द तिथून जवळच. नकाशा काढून बघ, ते गाव इस्तंबूलच्याही पूर्वेला येतं. कुणाला सांगितलं तर विश्वास बसत नाही.

उत्तर दिवे, म्हणजे आकाशातला तो ध्रुवीय प्रकाश, दिसले का, हे सगळे आधी विचारतात. दिसले. रात्री केबिनमधल्या स्पीकरवर हाक येते, मग स्वेटरवर स्वेटर चढवून धावायचं. सुरुवातीला फिकट ढगाचा पट्टा वाटतो, मग तो हलायला लागतो आणि हिरवा होतो. सूर्याकडून आलेले कण शंभरेक किलोमीटर उंचीवर ऑक्सिजनला धडकतात, तो हा हिरवा. पण ढग असले तर काही दिसत नाही, त्यामुळे फक्त त्याच्यासाठी जाऊ नका. दिसले तर फोटोच्या नादी न लागता आधी पोटभर बघून घ्या.

आता कामाचं. सुती कपडे आत घालायचे नाहीत, घामानं ओले होऊन थंडी धरतात. अंगाला लागून लोकरीचा पातळ थर, वर जाड लोकर, सगळ्यात वर वारा अडवणारं जाकीट. शरणपूर रोडच्या तिबेटियन मार्केटमधले स्वेटर मधल्या थराला उत्तम चालले. बुटांना खालून बांधायचे काटे मिळतात, ते पहिल्या बंदरातच घ्या. तिकडच्या फुटपाथवर काचेसारखा बर्फ असतो आणि हाड मोडलं तर सगळा प्रवास मोडला. स्टाड आणि हुस्टाडविका या दोन ठिकाणी बेटांचा आडोसा संपतो आणि बोट उघड्या समुद्रात हलते. गोळी उलटी व्हायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही, आधीच घ्यायची. जावईबापूंना गाडीतही घाटात त्रास होतो, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांना विचारून औषध बरोबर ठेव. व्हिसा शेंगेनचा, बोटांचे ठसे द्यायला व्हिसा केंद्रात जावं लागतं. प्रवासविमा किमान ३०,००० युरोचा लागतो.

जेवणाची काळजी करू नकोस. शाकाहारी आहोत हे तिकीट काढतानाच कळवायचं, मग रोज वेगळं काहीतरी करून देतात. तपकिरी चीज जरूर खा. चीज करताना ताकासारखं उरलेलं पाणी तासन्‌तास आटवून करतात, चव थेट बासुंदीच्या पातेल्यातल्या खरवडीची. मेतकूट, लोणचं आणि थोडा चिवडा मात्र न्याच. बाबांनी एका जर्मन जोडप्याला चिवडा दिला, तर दुसऱ्या दिवशी ते वाटी घेऊन आले.

बाळा, एक गोष्ट मी फोनवर बोलले नाही. मोठ्या क्रूझवर रोज रात्री नाच-गाणी, दुकानं, पाच-पाच हॉटेलं असतात असं ऐकते. या बोटीवर त्यातलं काही नाही. पुढच्या बाजूला काचेची बैठक आहे, तिथं चहाचा कप घेऊन बसायचं आणि किनारा बघायचा. आम्ही दोघं तसे तास तास बसलो. तुम्ही दोघं सकाळी डबे भरून दोन दिशांना पळता, रात्री थकून येता, रविवार किराण्यात जातो. मी आले की बघते ना. संसार आमचाही असाच गेला. बाबांना प्रेसमध्ये येण्याआधी कुठं नोकरी मिळत होती, ती त्यांनी का नाकारली, हे मला त्या बैठकीत बसून आत्ता कळलं. इतक्या वर्षांत विचारायला वेळच झाला नव्हता. थंडीत बाहेर दहा मिनिटांपेक्षा जास्त उभं राहवत नाही, आत काही करमणूक नाही, मग माणसं आपोआप बोलतात. तुम्हाला हे आमच्या वयापर्यंत थांबून मिळू नये, आत्ताच मिळावं, एवढ्यासाठी हे पत्र.

रंगपंचमीला दोघंही या. तिवंधा चौकातली रहाड, म्हणजे रंगाचा जुना हौद, यंदा बघायची आहे, असं जावईबापू म्हणत होते. तेव्हा जाकिटं अंगाला लावून बघू. माझं तुला होईल, बाबांचं त्यांना बाह्यांत आखूड पडेल असं वाटतं. केबिन घेताना मधल्या मजल्यावरची, बोटीच्या मध्यभागची घ्या, तिथं हलणं कमी जाणवतं. परतीची फेरीही घ्या, अर्ध्यातून विमानानं येऊ नका. जाताना जी गावं रात्री झोपेत गेली, ती येताना दिवसा लागतात. रजेचं काय ते ठरवून मला गुरुवारपर्यंत कळव.

तुझी,
आई