युद्धाच्या नैतिकतेचा अभ्यास निरुपयोगी नाही

युद्धाच्या नैतिकतेवर संशोधन करणे म्हणजे वेळेचा अपव्यय, असे मत मांडणारा लेख (रविवार पुरवणी) वाचला. हे मत पटले नाही. युद्धाचे नियम मोडले जातात, हे लेखकाचे म्हणणे खरेच आहे. पण नियम मुळात येतात कुठून, याचा विचार लेखात नाही.

मऊ वस्तूवर आदळली तरी फुटणारी गोळी १८६७ मध्ये रशियन सैन्यानेच विकसित केली होती. अशी गोळी माणसाच्या शरीरात फुटली तर काय होईल, हे उमगल्यावर बंदीचा प्रस्तावही रशियानेच मांडला आणि १८६८ च्या सेंट पीटर्सबर्ग जाहीरनाम्यात ४०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या स्फोटक गोळ्यांवर बंदी आली. शत्रूचे सैनिक लढण्यास असमर्थ झाले की युद्धाचा हेतू साधतो. त्यापुढच्या यातना निरर्थक, हा त्यामागचा विचार. १९९५ मध्ये कायमचे अंधत्व आणणाऱ्या लेझर शस्त्रांवर बंदी घालणारा करार झाला, तोही ती शस्त्रे रणांगणात रुळण्यापूर्वी!

आज लक्ष्य स्वतःच निवडणारी शस्त्रे दाराशी आहेत. यंत्राने चुकून निर्वासितांच्या तांड्यावर मारा केला, तर जबाबदार कोण? आदेश देणारा अधिकारी, प्रणाली घडवणारा अभियंता, की युद्ध पुकारणारे सरकार? याचे उत्तर सेनापती ऐन धुमश्चक्रीत शोधू शकत नाही. ते आधीच, शांतपणे शोधावे लागते आणि त्यासाठी विद्यापीठांनी व संरक्षण प्रबोधिनींनी या अभ्यासाला अधिक निधी द्यायला हवा.

– एक वाचक