पाटलाच्या गाडीतलं कुशन

मिशिगन,
रविवार, रात्री

प्रिय संज्या,

सप्रेम नमस्कार.

परवा फोटो बघून तू फोनवर पहिलंच विचारलंस, "ही ॲम्ब्युलन्स आहे काय रं?" तेव्हा घरात पाहुणे होते, नीट बोलता आलं नाही. आणि ही गोष्ट फोनवर उरकण्यासारखी नाहीच. म्हणून आज मुलं झोपल्यावर लिहायला बसलोय. शेवटी तुला एक कामही सांगणार आहे, तेव्हा पत्र अर्धवट ठेवू नकोस.

गाडी १९६८ सालची फोर्ड कंट्री स्क्वायर आहे. स्टेशन वॅगन. कंट्री स्क्वायर म्हणजे आपल्या भाषेत गावचा पाटील, वाडा-जमीनजुमला असलेला. नाव उगाच दिलेलं नाही. रेल्वे नवीन होती तेव्हा स्टेशनवर उतरलेल्या पाहुण्यांना ट्रंका-वळकट्यांसकट हॉटेलात नाहीतर मळ्यातल्या बंगल्यावर न्यायला लाकडी पेटीच्या गाड्या असत. तिथून हे ‘स्टेशन वॅगन’ आलं. फोर्डनं १९२९ मध्ये आपल्या ‘मॉडेल ए’ गाडीवर स्वतःची वॅगन बांधली. तिची मेपलची चौकट आमच्याच राज्याच्या वरच्या अंगाला, आयर्न माउंटनजवळच्या कारखान्यातली. जंगलही कंपनीचंच. कापून उरलेल्या लाकडाचा कोळसा करून विकायचे, तो किंग्जफोर्ड नावानं अजून मिळतो. गेल्या उन्हाळ्यात आम्ही त्याच्यावर कणसं भाजली.

लाकडी गाडी दिसायला देखणी, पण तिला दरसाल वॉर्निश मारावं लागायचं, सांधे कुरकुरायचे, आणि आपल्याकडे पावसाळ्यात दारं फुगतात तशी तिचीही फुगायची. १९४९ ला प्लिमथनं आख्खी पत्र्याची सबर्बन काढली आणि लोकांना कळलं की वॅगन वापरायला सुताराची गरज नाही. १९५३ च्या ब्यूकनंतर अमेरिकेत खऱ्या लाकडाची पेटी कुणी मोठ्या संख्येनं बांधली नाही. पण डोळ्याला लाकडाची सवय झाली होती, म्हणून पत्र्यावर लाकडाची छापील फिल्म चिकटवायला लागले. माझ्या गाडीवर तीच आहे. काही लोक तिला खोटं लाकूड म्हणून नाक मुरडतात. मला ती मनापासून आवडते. एका बाजूनं ऊन खाऊन ती ताकातल्या हळदीसारखी फिकी पडलीय, तरी मी ती बदलणार नाही.

पण मी तुला लिहितोय ते आतल्या भागासाठी. बाहेरून बघणारे पुष्कळ असतात. आत काय आहे ते तुझ्यासारख्या कुशनवाल्यालाच कळणार.

पुढची सीट म्हणजे एक सलग बाकडं. गिअर फियाटसारखा स्टिअरिंगपाशी, त्यामुळे मध्ये काही अडचण नाही, तिघं आरामात बसतात. निळं रेक्झिन, त्यात गरम दाबून उठवलेल्या उभ्या घड्या, कडेनं पायपिंग. पायपिंग कुठंही वळलेलं नाही, संज्या. सत्तावन्न वर्षं झाली. उन्हात तापलेल्या सीटवर टेकलं की जो वास येतो ना, तो थेट कोल्हापूरच्या उद्यमनगरातला, तुमच्या कुशनच्या दुकानातला. पहिल्या दिवशी मी दार उघडून नुसता बसून राहिलो. बायको दोनदा हाक मारून गेली.

मधली सीट पाडली की मागं एवढी जागा होते, की आठ बाय चारची प्लायची शीट आडवी सपाट सरकते. मागचं फळकं तर बघण्यासारखं आहे. एका हँडलनं ते ट्रकच्या फाळक्यासारखं खाली पडतं, दुसऱ्या हँडलनं दारासारखं कडेला उघडतं. एकच फळकं, पण बिजागऱ्या दोन्हीकडच्या. फोर्डनं हे १९६६ ला आणलं. सामान चढवायचं तर खाली पाडा, पोरं चढवायची तर कडेला उघडा. कुणीतरी ऑफिसात बसून हा विचार केला असेल, की आई एका हातात तान्हं घेऊन उभी आहे, तिला फळक्यावरून वाकून मागच्या पोराला उचलता येणार नाही.

आता तुला खरं सांगायचंय ते. मागच्या जमिनीत दोन झाकणं आहेत. ती उचलली की दोन छोट्या सीटा उभ्या राहतात, आणि त्या पुढं बघत नाहीत, मागंही बघत नाहीत. समोरासमोर! गुडघ्याला गुडघे. वडाप रे! आपण गारगोटीला जायचो त्या कमांडर जीपच्या मागच्या बाकड्यांसारख्याच, फक्त बुटक्या. तिघं पुढं, तिघं मध्ये, चौघं मागं, अशी दहा माणसांची गाडी म्हणून कंपनी ती विकायची. डेट्रॉइटच्या माणसाला आणि आपल्या जीपवाल्याला एकच गोष्ट सुचली, याचा मला इतका आनंद झाला, की त्या रात्री मी तुला फोटो पाठवला. तुझ्याकडे तेव्हा पहाटेचे पाच वाजले होते, त्याबद्दल वहिनींना माझ्यातर्फे माफी माग.

इथले लोक त्या अगदी मागच्या जागेला ‘वे-बॅक’ म्हणतात. लहानपणीचा शब्द आहे, पण साठीचे लोकही तोच वापरतात. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांचा मेळा भरतो, ड्रीम क्रूझ म्हणतात. आम्हीही तिथं गेलो. इतर गाड्यांपाशी लोक बॉनेट उघडायला सांगतात. वॅगनपाशी तसं होत नाही. लोक वाकून मागच्या काचेतून आत बघतात आणि मग बोलायला लागतात. एक बाई आली, पांढरे केस, हातात काठी. बसू का म्हणाली. काठी नवऱ्याकडे दिली आणि त्या एवढ्याशा सीटवर पाय मुडपून पंधरा मिनिटं बसली. भावंडांमध्ये तिची जागा कुठली होती, ते तिनं बोट ठेवून दाखवलं.

तिथं रांगेत आणखी वॅगन होत्या आणि प्रत्येकीच्या आतला विचार वेगळा. ओल्ड्समोबिलच्या व्हिस्टा क्रूझरला मधल्या सीटच्या वर छतात काच आहे. मुलांना डोंगर नि ढग दिसावेत म्हणून मागचं छत थोडं उचललंय. एका स्टुडबेकर वॅगनेअरचं मागचं छतच सरकतं, फ्रिज उभा नेता येतो. पाऊस आत येतो ही तिची जुनी तक्रार, पण ज्यानं हे धाडस केलं त्याला सलाम. सत्तरच्या सुरुवातीच्या जनरल मोटर्सच्या मोठ्या वॅगनमध्ये मागची काच वर छतात शिरते आणि फळकं जमिनीखाली जातं. शेजारच्या माणसानं मला ते चारदा करून दाखवलं. ज्या गाड्यांत शेवटची सीट उलटी, मागं तोंड करून असते, त्यांच्याबद्दल तर लोक हळवे होतात. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला हात करायचा, भोंगा वाजवायची खूण करायची. तो वाजवला की दिवस सार्थकी.

यात सगळंच चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. या मागच्या सीटवर पोरं मोकळी उड्या मारत बसायची. मागची काच खाली ठेवून चाललं की सायलेन्सरचा धूर आत ओढला जातो, हे मी स्वतः अनुभवलंय, डोकं धरलं होतं. आणि लिटरला चार-साडेचार किलोमीटर. १९७३ ला तेल महागलं तेव्हा या गाड्यांचे दिवस भरायला लागले, मग क्रायस्लरची मिनीव्हॅन आली आणि पोरंबाळं तिकडं गेली. कंट्री स्क्वायर १९९१ ला बंद झाली. शेवटच्या मोठ्या वॅगन, कॅप्रिस आणि रोडमास्टर, १९९६ ला.

आता काम.

ही गाडी माझ्या शेजाऱ्यांच्या वडिलांनी नवी घेतली होती. शेजारी आता सत्तरीला टेकलेत. सहा भावंडं. उन्हाळ्यात मॅकिनॉ पुलावरून वर सरोवराकाठी जायचे. सगळ्यांत धाकटे म्हणून हे कायम मागच्या उजव्या सीटवर. गुडघ्यांमुळे गाडी चालवणं होईना, म्हणून त्यांनी मला दिली, आणि किंमत अशी सांगितली की मला घासाघीस करायला लाज वाटली.

मधल्या सीटला एका बाजूनं भगदाड होतं, स्प्रिंग वर आलेली. इथल्या एका दुकानात दाखवलं तर त्यांनी दाणा न जुळणारं रेक्झिन लावलं आणि पहिल्याच थंडीत शिवण उसवली. मग मी स्वतः कव्हर उतरवलं. आत तेच सगळं, संज्या: तारेच्या कड्या, गोणपाट, वर कापसाचा थर. काकांनी दाभण हातात देऊन आपल्याला बसवलं होतं तेव्हाचं सगळं हाताला आठवलं. गोणपाटाच्या घडीत एक पिवळा खडू वितळून बसला होता, आणि १९७१ सालचं एक सेंटचं नाणं.

आणि एक ठिगळ सापडलं. वीतभर लांब, उजव्या अंगाला, हातानं शिवलेलं. रेक्झिन दुसऱ्याच निळ्याचं, दोरा पांढरा, जाड. टाके एकसारखे नाहीत. कोपऱ्यावर सुई वळवताना जोर लावावा लागला असणार, तिथं भोकं मोठी झालीत. शेजाऱ्यांना दाखवलं तर ते बराच वेळ त्याच्यावरून अंगठा फिरवत राहिले. त्यांच्या आईचं काम. भावानं आईस स्केट उघडे ठेवले होते, त्यांनी फाडलं होतं.

मला सगळी मधली सीट नवीन शिवून हवीय, पण ते ठिगळ जसंच्या तसं जागेवर राहायला हवं. इथं ज्याला विचारावं तो म्हणतो, काढून टाका, डाग दिसेल. तुला आठवतं, काकांनी त्या शाळेच्या रिक्षाची गादी शिवताना पोरांनी पेननं लिहिलेली नावं असलेली पट्टी मागच्या अंगाला लावून दिली होती? रिक्षावाला नको म्हणत होता तरी. म्हणून हे काम मी दुसऱ्या कुणाला देणार नाही.

उद्या पार्सल टाकतोय. त्यात जुनं कव्हर आख्खं आहे, मी स्वतः एकही शिवण उसवलेली नाही. बरोबर चार मीटर नवीन रेक्झिन, दाणा जुळवून घेतलेलं. पायपिंगची दोरी जुनीच वापरता आली तर बघ, नाहीतर तुझ्याकडची सुतळी चालेल. घड्यांमधलं अंतर मोजून कागदावर लिहिलंय. ठिगळाभोवती दोन बोटं जुनं रेक्झिन सोडून काप आणि मगच नव्यावर बसव, म्हणजे त्या आईच्या टाक्यांना सुई लागणार नाही. मशीन तिथं चालवू नकोस, दाभणानंच कर. शेजाऱ्यांना एप्रिलमध्ये पुलापर्यंत न्यायचं कबूल केलंय. त्यांना या खेपेला मागं नाही, मध्ये, उजव्या बाजूला बसायचंय.

मजुरी किती ते सांग, आणि कमी सांगू नकोस. काकूंना नमस्कार.

तुझाच,
दिल्या