फोटो घरच्या पेटीत ठेवायचे तर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोबाइलमधली माहिती जपण्याविषयी जे सल्ले छापून येतात, ते बहुतेक 'अनोळखी लिंक उघडू नका' इथेच थांबतात. सल्ला चुकीचा नाही. पण मुलाबाळांचे फोटो, आधार-पॅनच्या प्रती, दवाखान्याचे रिपोर्ट आपल्याच फोनवरून रोज परक्या कंपनीच्या संगणकावर चढत असतात, त्याबद्दल कोणी बोलत नाही. गूगल फोटोजची अमर्याद फुकट जागा 1 जून 2021 पासून बंद झाली. आता 15 जीबी भरले की पैसे मोजा. हेच काम करणारा छोटा सर्व्हर, म्हणजे चोवीस तास चालू राहणारा संगणक, घरी ठेवता येतो आणि नीट निवडला तर दिवाणखान्यात असूनही त्याचा आवाज येत नाही.

माळ्यावरचा जुना डेस्कटॉप त्यासाठी काढू नये. तो वीजही खातो आणि घरघरतोही. इंटेल एन100 प्रोसेसरचा मिनी पीसी (हीच आपली पेटी), 8 जीबी रॅम (16 असेल तर उत्तम) आणि 1 टीबी एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) एवढे एका कुटुंबाला पुरते. सरासरी 10 वॅट धरले तर महिन्याला 7.2 युनिट. बिनपंख्याचा मिळाला तर घ्यावा, पण टीव्हीखालच्या बंद कप्प्यात कोंबू नये. साडेतीन इंची हार्ड डिस्क शक्यतो टाळावी, कारण तिची थरथर लाकडी फळीत उतरते आणि रात्री फळीच वाजू लागते. वीज परतल्यावर पेटी आपोआप सुरू व्हावी म्हणून बायॉसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) तशी सोय असते, ती पहिल्याच दिवशी चालू करावी. राउटरचा छोटा यूपीएस वापरणार असाल तर पेटीच्या अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळतात का ते आधी पाहावे.

पेटीवर डेबियन ही लिनक्स प्रणाली, त्यावर प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवणारे डॉकर आणि त्यात इमिच, म्हणजे गूगल फोटोजसारखे पण घरच्या पेटीवर चालणारे सॉफ्टवेअर. चेहरे ओळखण्याचे कामही इमिच घरच्या पेटीवरच करते. जुने हजारो फोटो पहिल्यांदा चढवताना पेटी तापेल आणि पंखा असेल तर ओरडेल. ते काम संपले की शांत होते. इमिचचा डेटाबेस (अल्बम, नावे यांची नोंदवही) मात्र एक्सफॅट किंवा एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेल्या डिस्कवर ठेवू नये. फाइलींच्या मालकीच्या ज्या नोंदी त्याला लागतात, त्या तिथे नीट राहत नाहीत. लिनक्सची ईएक्सटी4 पद्धत वापरावी. गूगलमधून टेकआउटने (आपली माहिती उतरवून घेण्याच्या गूगलच्याच सोयीने) उतरवलेल्या फोटोंच्या तारखा जेसन नावाच्या वेगळ्या मजकूर-फाइलींत येतात. नुसते फोटो कॉपी केले तर 2014 चे लग्न आजच्या तारखेला दिसू शकते. त्यासाठी इमिच-गो हे साधन वापरावे.

बाहेरून फोटो पाहायचे म्हणून राउटरवर पोर्ट (इंटरनेटवरून घरात यायची वाट) उघडू नये, हे मी ठासून सांगेन. उघडे पोर्ट शोधणारे बॉट (आपोआप चालणारे प्रोग्राम) चोवीस तास फिरत असतात. राउटरचा वॅन पत्ता (इंटरनेटच्या बाजूचा त्याचा क्रमांक) 100.64 ते 100.127 मध्ये सुरू होत असेल, तर इंटरनेट कंपनीने एकच पत्ता अनेक घरांत वाटला आहे आणि पोर्ट उघडूनही उपयोग नाही. पोर्ट न उघडता फोन आणि पेटी खासगी वाटेने जोडणारे टेलस्केल हा अशा घरांसाठी सोपा मार्ग.

आता फोन, कारण खरी गळती तिथेच आहे. फोनवर इमिच बसवले पण गूगल फोटोजचा बॅकअप चालूच राहिला, तर फोटो दोन्हीकडे जातात. फोन कंपनीच्या गॅलरीचा स्वतःचा क्लाउड असतो, तोही बंद करावा. इमिचला बॅटरीच्या बंधनातून मोकळे ठेवावे, नाहीतर अँड्रॉइड त्याला मागच्या मागे बंद करते आणि महिनाभर एकही फोटो चढलेला नसतो. कॅमेऱ्यातली ठिकाण नोंदवण्याची सोय बंद ठेवलेली बरी, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवलेल्या फोटोसोबत घराचा पत्ताही जातो. व्हॉट्सअ‍ॅपच्या बॅकअपला एंड-टू-एंड एन्क्रिप्शन (किल्ली फक्त आपल्याकडे राहील असे कुलूप) 2021 पासून आहे, पण ते स्वतः चालू करावे लागते. अँड्रॉइडच्या गूगल सेटिंगमध्ये जाहिरात आयडी (ज्यावरून जाहिरातदार आपला फोन ओळखतात तो क्रमांक) कायमचा काढून टाकता येतो. अ‍ॅपला सगळे फोटो न देता निवडक देण्याची सोय नव्या अँड्रॉइडवर आणि आयफोनवर आहे.

सर्व्हर म्हणजे बॅकअप नव्हे. एसएसडी न सांगता मरते. म्हणून दुसरी डिस्क हवी, एन्क्रिप्ट केलेली, आणि ती भावाबहिणीच्या घरी असावी. तिच्यावर फोटोंबरोबर इमिच रोज रात्री काढते ती डेटाबेसची प्रतही घ्यावी. नाहीतर फोटो परत मिळतील, पण अल्बम आणि नावे जातील. वर्षातून एकदा त्या डिस्कवरून सगळे दुसऱ्या संगणकावर उभे करून पाहावे. तिचा पासवर्ड कागदावर लिहून घराच्या दस्तऐवजांत ठेवावा. तो हरवला तर डिस्क उघडून देणारे कोणी नाही.

आपला,
एक वाचक, डोंबिवली