मुंबई-गोवा महामार्गावरील एका रात्रीबद्दल मंत्रिमहोदयांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

गेल्या पंधरवड्यात कोलाड सोडल्यावर मुंबई-गोवा महामार्गावरील एका खड्ड्यात आमच्या गाडीचा चेंबर (इंजिनखालची ऑइलची टाकी) फुटला आणि त्याच रात्री माझ्या बालमित्राचा पाय घोट्यात मोडला, म्हणून आपणांस हे पत्र लिहीत आहे. आपण कामात व्यग्र असता हे मी जाणतो. परंतु पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे काम २०११ मध्ये सुरू झाले आणि तेव्हापासून जवळपास प्रत्येक गणपतीला ‘पुढच्या गणपतीपूर्वी रस्ता पूर्ण’ हेच आम्ही ऐकत आलो आहोत.

त्या रात्री पाऊस कोसळत होता. वळण रस्ता दाखवायला मातीने भरलेली दोन पिंपे तेवढी उभी होती. त्यांवर ना दिवा होता, ना चमकणारी पट्टी. पाण्याने भरलेला खड्डा दिसलाच नाही. खालून दणका बसला, ऑइलचा लाल दिवा लागला आणि शेजारी बसलेला मित्र ओरडला, “इंजिन बंद कर, नाहीतर जाम होईल!” तो एका कारखान्यात रोजंदारीवर फिटर आहे, त्यामुळे आवाजावरूनच त्याला कळले होते. चिखलात पाठ टेकून तो गाडीखाली शिरला, तेव्हा मोबाइलच्या उजेडात चेंबरला गेलेली बोटभर चीर आणि तिच्यातून धार लागलेले काळे ऑइल मला दिसले.

मागून येणाऱ्या ट्रकना गाडी दिसावी म्हणून लाल त्रिकोण घेऊन तोच मागे चालत गेला. मला मात्र त्याने बजावले होते की उजव्या दाराने उतरू नकोस. एक ट्रक अगदी अंगावर आला, मित्र बाजूला सरला, आणि जिथे साइडपट्टी असायला हवी होती तिथे अर्धवट खोदलेले गटार होते; त्यातच त्याचा पाय मोडला. फलकावरच्या मदत क्रमांकावर फोन लागला, तक्रार क्रमांकही मिळाला, पण क्रेन आली नाही. एका भाजीच्या टेम्पोवाल्याने मित्राला उचलून दवाखान्यात नेले आणि पैसे घ्यायला नकार दिला. ज्याचे काम होते तो फिरकला नाही आणि ज्याचा काही संबंध नव्हता तो माणूस भिजत उभा राहिला, हे मला आजही सहन होत नाही.

गाडी घेताना किमतीच्या ११ टक्के कर मी एकरकमी भरला. विमा, पीयूसी, फास्टॅग यांत एक दिवसाची कसूर झाली तरी मला दंड होतो. आणि रस्ता बांधणाऱ्याचे काय? मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये आलेले कलम १९८-अ वाचले. सदोष रस्त्यामुळे कुणी मेले किंवा अपंग झाले, तर ठेकेदाराला किंवा अधिकाऱ्याला जास्तीत जास्त १ लाख रुपये दंड! माझा मित्र मेला नाही, कायमचा अपंगही झाला नाही. म्हणजे या कलमाच्या लेखी त्या रात्री काही घडलेच नाही. इकडे त्याची रोजची मजुरी बुडते आहे, घरभाडे थकले आहे आणि त्याच्या पत्नीसमोर मला मान वर करवत नाही.

२०१३ ते २०१७ या पाच वर्षांत देशात खड्ड्यांमुळे १४,९२६ माणसे गेली, या आकड्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये संताप व्यक्त केला होता. याच महामार्गावर २०१६ मध्ये महाडजवळचा सावित्री नदीवरील पूल वाहून गेला आणि २०२३ मध्ये चिपळूणला बांधकाम चालू असलेला उड्डाणपूल कोसळला. एवढे होऊनही पावसाळ्यात खड्ड्यांत पेव्हर ब्लॉक टाकून वेळ मारून नेली जाते. कोकणी माणूस मुकाट्याने सोसतो, यावरच ही सगळी व्यवस्था चालली आहे.

मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यांमुळे जखमी होणाऱ्यांना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला आहे. ती माझ्या मित्राला मिळावी. त्या वळणावर दिवे लागावेत, गटार बुजवून साइडपट्टी व्हावी आणि रात्री खरोखर येणारी क्रेन कोलाड व माणगाव येथे उभी असावी. तिथल्या ठेकेदाराचे आणि देखरेख करणाऱ्या अभियंत्याचे नाव दूरध्वनी क्रमांकासह रस्त्यावर ठळक लावावे. पुन्हा नवी तारीख मात्र कळवू नये.

कळावे,
डोंबिवलीत राहणारा एक कोकणवासी