पेटीचा सूर पुन्हा ऐकवणाऱ्या ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) मॅडमना

स. न. वि. वि.

मॅडम, नौपाड्यातल्या तुमच्या दवाखान्यात रोज इतकी माणसं येतात की मी कोण हे चटकन आठवणार नाही. मी ऐरोलीचा. रबाळ्याच्या एमआयडीसीत पॉवर प्रेसवर नोकरी झाली, आणि आता भजनी मंडळात पेटी वाजवतो. हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण आमच्या प्रेस शॉपमधले बरेच जण आज ऐकू येईनासं होऊन घरात गप्प बसलेत. तुम्ही माझ्यासाठी काय केलंत ते त्यांच्यापर्यंत पोचायला हवं. तुमचं नाव लिहू नका म्हणालात, म्हणून लिहीत नाही.

तुमच्याकडे येण्याआधी एका दुकानात गेलो होतो. तिथे तपासणी नीट व्हायच्या आतच किमतीचा तक्ता समोर आला. तुम्ही पैशाचं काहीच विचारलं नाहीत. म्हणालात, “काका, तुम्हाला नेमकं काय ऐकायचंय?” मी म्हटलं, नातीचं बोलणं, स्वयंपाकघरातून हिची हाक, आणि माझी पेटी. हे तिन्ही तुम्ही कागदाच्या डोक्यावर लिहिलंत आणि पुढचा प्रत्येक निर्णय त्या कागदाकडे बघून घेतलात. मंडळात सूर चुकतोय की मला चुकीचा ऐकू येतोय हेच कळेना, म्हणून पेटी दुसऱ्याच्या हाती द्यायचं मी मनाशी ठरवलं होतं. त्या वेळी त्या प्रश्नाने मला किती धीर आला हे तेव्हा सांगता आलं नाही.

मग माझ्या ऐकण्याचा आलेख निघाला. ४००० हर्ट्झपाशी रेघ खोल खाली गेलेली बघून तुम्ही मला विचारलंत, “कारखान्यात होतात का?” मी अजून काही सांगितलंही नव्हतं. कानाच्या आतल्या शंखात केसांसारख्या सूक्ष्म पेशी असतात, सततच्या मोठ्या आवाजाने त्या मरतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत, हे तुम्ही चित्र काढून समजावलंत. आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही कारखान्यांसाठीची मर्यादा, हेही तुमच्याकडूनच पहिल्यांदा ऐकलं. आम्ही कानात कापसाचे बोळे घालायचो. त्याने प्रेसचा आवाज फारसा अडत नाही. आवाजाने आलेला बहिरेपणा कायद्यातल्या, सरकारला कळवायच्या आजारांच्या यादीत आहे, हे आमच्यातल्या कोणालाच माहीत नव्हतं. आज प्रेसवर उभ्या असलेल्या पोरांना मी हे आवर्जून सांगतो, आणि चांगले इअरप्लग मागून घ्यायला लावतो.

त्या दिवशी माझ्या मनावरचं एक ओझं उतरलं. वय झालं, आता आपण मागे पडणारच, असं मी धरून चाललो होतो. हा माझ्या कामाचा वण आहे हे कळल्यावर त्याच्याकडे बघणं सोपं झालं.

पण सगळ्यात मोठे उपकार तुम्ही हिच्यासाठी केलेत. “यांना ऐकायचंच नसतं, टीव्ही बरा ऐकू येतो,” असं ती तुमच्यासमोरच म्हणाली. तुम्ही वाद घातला नाहीत. अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीतले, ते मला ऐकू येतात. स, श, थ, फ यांची धार वरच्या पट्टीत, ती माझ्यापर्यंत पोचत नाही. म्हणून आवाज येतो पण शब्द लागत नाही, आणि ‘साठ’चं ‘आठ’ होतं. एवढं सांगून तुम्ही तिच्या कानाला हेडफोन लावलात आणि माझ्या आलेखाप्रमाणे कापलेलं बोलणं तिला ऐकवलंत. ती काही वेळ नुसती ऐकत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “असं ऐकू येतं तुम्हाला?” तेव्हापासून ती लांबून हाक मारत नाही. जवळ येते, आधी नाव घेते, तोंड दिसेल अशी उभी राहून बोलते. आवाज चढवत नाही. हे तिला तुम्ही शिकवलंत, आणि आमच्या घरातली रोजची कुरबुर थांबली.

कानाचं यंत्र निवडतानाही तुम्ही घाई केली नाहीत. सर्वांत महागातले जादा चॅनेल (आवाजाचे वेगवेगळे पट्टे) आणि फोनच्या सोयी माझ्या तीन गोष्टींसाठी गरजेच्या नाहीत, हे तुम्ही विकणाऱ्याच्या खुर्चीत बसून सांगितलंत. दोन्ही कान गेलेत तर दोन्हीकडे लावा, एका बाजूने दिशा कळत नाही, हेही समजावलंत. प्रेसवर जाड झालेल्या माझ्या बोटांना ३१२ नंबरची बारीक बटणासारखी बॅटरी धरवेना, तर तुम्हीच चार्जिंगचं सुचवलंत. बसवताना कानात बारीक नळी घालून पडद्यापाशी आवाज खरोखर किती पोचतोय ते मोजलंत. माझ्या ओळखीच्या कुणाच्याच यंत्राच्या वेळी हे झालेलं नाही. सगळ्यांनी हे मागून घ्यावं, असं मी ठामपणे सांगेन. लग्नाच्या हॉलमध्ये हे यंत्र चमत्कार करणार नाही, तिथे भिंतीला पाठ करून बसा, हे पैसे घेण्याआधी सांगितलंत, म्हणून पुढे निराशा झाली नाही.

सुरुवातीचे दिवस जड गेले. वर्तमानपत्राची पानं, नळाचं पाणी, चपलांची सळसळ, सगळं अंगावर यायचं. माझाच आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटायचा. मेंदूला या आवाजांची पुन्हा सवय व्हायला आठवडे लागतात, आधी घरात थोडे तास घाला, असं तुम्ही बजावलं होतं, तेच कामी आलं. आता ठाणे-वाशी गाडीत ‘पुढील स्टेशन’ची सूचना नीट कळते. नात बोबडं बोलते, तेही कळतं.

अडलं ते पेटीवर. लांबवलेला सूर थरथरायचा, जणू भात्यालाच कापरं भरलंय. पेटी खोलून आतल्या सुरांच्या जिभा तपासल्या, दोष सापडेना. तुम्ही म्हणालात, पेटीच घेऊन या. ठाणे स्टेशनच्या जिन्यावरून ती घेऊन आलो आणि तुमच्या खोलीत एक सूर धरला. कानाच्या यंत्रातून कधी कधी आपोआप शिट्टी निघते आणि ते ती दाबतं; माझं यंत्र त्या सलग सुरालाच अशी शिट्टी समजून दाबायला जातंय, हे तुम्ही लगेच ओळखलंत. भजनासाठी वेगळा प्रोग्रॅम केलात, त्यात शिट्टी दाबणं आणि गोंगाट कमी करणं दोन्ही बंद ठेवलंत, मोठे आवाज फार आवळू दिले नाहीत. तुमच्या बाहेरच्या बाकावर माणसं खोळंबली होती, तरी दोन सूर, चार सूर, पुन्हा वाजवा, असं चालू ठेवलंत. मंडळात टाळकऱ्यांपासून थोडं लांब बसा, उरलेला कान जपा, हेही सांगितलंत. आता मी पखवाजाच्या पलीकडे बसतो आणि पट्टी माझी मी लावतो. या एका कामासाठी मी आयुष्यभर तुमचा ऋणी आहे.

आमच्या मंडळातल्या एका टाळकऱ्याला यंत्राचा खर्च झेपणारा नव्हता. त्याला तुम्ही वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग या वाचा-श्रवणाच्या राष्ट्रीय संस्थेत पाठवलंत. १९८३ पासून ती संस्था हेच काम करते आहे, आणि उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांना दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून यंत्र मिळू शकतं, हे तुम्ही सांगितलं नसतंत तर आम्हाला कळलंच नसतं. त्याच्याकडून तुम्हाला एक पैसाही मिळणार नव्हता.

पावसाळ्यात यंत्र रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवतो, जाळी पुसतो, तुम्ही दाखवलंत तसंच. आता पखवाजवाले आमचे स्नेही तयार झालेत. तेही आमच्याच प्रेस शॉपचे. त्यांना घेऊन पुढच्या आठवड्यात येतो. त्यांना काय ऐकायचंय ते त्यांनी आधीच कागदावर लिहून ठेवलंय, तो कागद सोबत आणतो.

आपला नम्र,
ऐरोलीचा पेटीवाला