ओसाकाहून, पायांविषयी

ओसाका

प्रिय मंदार,

तुझं पत्र पोचलं. 'तिकडचं काही नाचगाणं बघतोस की नुसता ऑफिसात राबतोस?' या टोमण्याचं उत्तर म्हणून हे लांबण. काबुकी, म्हणजे इथलं जुनं नाचगाण्याचं नाटक, पाहिलं, थाटमाट भरपूर, पण मला फारसं भिडलं नाही. निप्पोनबाशीच्या राष्ट्रीय बुनराकू नाट्यगृहात मात्र पार अडकलो.

बुनराकू म्हणजे बाहुल्यांचं नाटक. एका बाहुलीमागे तीन माणसं. मुख्य कलाकाराकडे डोकं आणि उजवा हात, दुसऱ्याकडे फक्त डावा हात, तिसरा वाकून पाय चालवणार. दहा वर्षं पाय, दहा वर्षं डावा हात, मग डोकं, अशी जुनी रीत. (आपल्याकडे दोन महिन्यांत वर्कशॉप उरकतात!) स्त्री-बाहुलीला तर बहुधा पायच नसतात. पायवाला किमोनोचा घोळ आतून मुठीने असा काही ढकलतो की ती गुडघा मुडपून बसली असंच वाटतं.

चिकामात्सू या जुन्या नाटककाराचं 'सोनेझाकी शिंजू' बघितलं. ओसाकातल्याच एका जोडप्याने खरोखर जीव दिला होता, त्यावरून १७०३ मध्ये लिहिलेलं. नाटकातला प्रियकर तोकुबेई प्रेयसी ओहात्सूच्या पायाशी, ओसरीखाली लपलेला. वर लोक त्याची निंदा करताहेत. मरायची तयारी आहे का, हे ती पायानेच विचारते, आणि तो तिचं पाऊल हातात धरून स्वतःच्या गळ्यावरून फिरवतो. या एका प्रसंगासाठी ओहात्सूला पाऊल दिलंय, गोरंपान, उघडं. बाकी सगळं अंग झाकलेलं असताना ते पाऊल बघणं म्हणजे... जाऊ दे, तू चावटपणा करशील. पुढे अशा जोड-आत्महत्या इतक्या वाढल्या की १७२३ मध्ये सरकारने असल्या नाटकांवर बंदीच घातली.

आणि तायू, म्हणजे गाऊन गोष्ट सांगणारा! उजवीकडच्या फिरत्या चौथऱ्यावर हा आणि शामिसेन हे तीन तारांचं वाद्य वाजवणारा. तायू पोथी कपाळाला लावून सुरुवात करतो. निवेदन, रडणारी बाई, खवचट व्यापारी, सगळं एकट्याच्या गळ्यातून. आवाज बेंबीपासून यावा म्हणून पोटाशी वाळूची पिशवी बांधतात. शामिसेन जाड दांड्याचं, त्याचा ठोका सुरापेक्षा आघातच जास्त. भाषा जुनी, म्हणून जपानी प्रेक्षकांसाठीही वर जपानी अक्षरं दाखवतात.

नवे प्रयोगही होतात. छायाचित्रकार सुगिमोतो हिरोशी यांनी २०११ मध्ये हेच नाटक योकोहामात नव्याने बसवलं, नंतर युरोपातही नेलं. बुतो नावाचा आधुनिक जपानी नाचही पाहिला, अंगाला पांढरा रंग फासून केलेला. त्यातलं निम्मं डोक्यावरून गेलं.

तू कुडाळात आहेस, पिंगुळी हाकेच्या अंतरावर. चित्रकथीवाले पोथी उलगडून गायला बसले की मोबाइलवर नीट रेकॉर्ड कर, चित्रांपेक्षा गळ्याकडे लक्ष ठेवून. मला ते तायूच्या शेजारी ठेवून ऐकायचंय. आणि काकूंना सांग, आमसुलं संपली.

तुझा,
विन्या