एकच खड्डा, पाचवी तक्रार

प्रति,
प्रमुख, देखभाल विभाग
(टोल रस्ता)

विषय : उतारावरच्या वळणाजवळचा खड्डा चारदा बुजवूनही कायम असल्याबाबत

महोदय,

आपल्या रस्त्यावरून माझे दोन मालवाहू टेम्पो रोज ये-जा करतात. दोन्हींच्या मासिक पासाचे पैसे मी वेळेवर भरतो. या पावसाळ्यात एकाच खड्ड्याबद्दल मी चार तक्रारी केल्या. चारही वेळा दोन दिवसांत ‘तक्रार निकाली’ असा मेसेज आला, सोबत ताज्या डांबराचा फोटो. आणि चारही वेळा पुढच्या मोठ्या सरीला खडी बाहेर!

तिथलं डावीकडचं गटार मातीने भरलं आहे. साइडपट्टी डांबरापेक्षा उंच झाली आहे. पाण्याला बाहेर पडायला वाटच नाही, म्हणून ते कडेला तुंबतं आणि भेगांतून खाली मुरतं. खालचा खडी-मुरमाचा थर भिजून मऊ पडतो आणि अवजड चाक गेलं की त्यातला चिखल भेगेतून वर उसळतो. अशा जागी वरून कितीही डांबर ओतलं तरी ते टिकणार कशावर? तिसऱ्या वेळी तर साचलेलं पाणीही उपसलं नाही. त्यातच माल टाकून फावड्याने चोपला. मी तिथेच उभा होतो.

त्या मुलांवर माझा राग नाही. त्यांच्यातल्या एकाने सांगितलं की उपकंत्राटदार त्यांना खड्ड्यामागे पैसे देतो, गटार उपसण्याचे काहीच नाहीत. म्हणजे खड्डा पुन्हा पडला तर त्यांचा रोज बुडत नाही, उलट नवं काम मिळतं. हा हिशेब त्यांनी नाही, तुमच्या कार्यालयाने मंजूर केला आहे.

दुसरं म्हणजे वळणाच्या अलीकडचा वजनकाटा कित्येक महिने बंद आहे. आमच्या धंद्यात भाडं टनावर मिळतं. खोटं कशाला बोलू, हात आखडता असताना जादा माल मीही भरला आहे. पण अमेरिकेत इलिनॉय राज्यात 1958 ते 1960 या काळात खास बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून चाचणी झाली होती. धुरेवरच्या (अ‍ॅक्सलवरच्या) भाराच्या साधारण चौथ्या घाताने, म्हणजे भार जितक्या पट तो आकडा चार वेळा मांडून गुणला की येईल तितक्या पट, रस्ता झिजतो, असं त्यातून निघालं. म्हणजे 20 टक्के जादा भार आणि झीज दुपटीच्या घरात. काटा बंद ठेवला की नियम पाळणारा भाड्यात मार खातो आणि जादा भरणाऱ्याचा खर्च सगळ्यांच्या टोलमधून वसूल होतो.

‘पुढच्या वर्षी नवा थर टाकणारच आहोत,’ असं तुमच्या हेल्पलाइनवरून ऐकवलं गेलं. नव्या थराचं उद्घाटन करता येतं, उपसलेल्या गटाराचं नाही, हे मला समजतं. पण जागतिक बँकेच्या 1988 च्या अहवालात 85 विकसनशील देशांचा हिशेब आहे : वेळच्या वेळी 12 अब्ज डॉलर देखभालीवर न घातल्यामुळे आधीच्या दोन दशकांत 45 अब्ज डॉलरचे रस्ते वाया गेले. तुमचा एक किलोमीटरही त्याच वाटेने चालला आहे.

आणि सर्व्हिस रोड. तो तर दोन वर्षं कोणी हात लावलेला नाही. त्यावरून सायकलवाले आणि पायी कामावर जाणारे जातात. तुमच्या अ‍ॅपमध्ये पासाचा क्रमांक टाकल्याशिवाय तक्रारच नोंदवता येत नाही, आणि त्यांच्याकडे पास कुठला? त्यामुळे तुमच्या नोंदीत तो रस्ता ठणठणीत असणार.

या खड्ड्यात माझ्या एका टेम्पोची स्प्रिंग तुटली, तिचं बिल सोबत जोडलं आहे. त्याची भरपाई हवीच. पण आधी गटार मोकळं करा, साइडपट्टी छाटून उतार बाहेरच्या बाजूला द्या, भिजलेला थर खणून काढून मगच डांबर टाका. वजनकाटा कोणत्या तारखेला सुरू होणार आणि पासाशिवाय तक्रार कुठे करायची, हे 15 दिवसांत लेखी कळवावं. या वेळी फोटो पाठवणार असाल तर गटाराचा पाठवा.

कळावे,
आपला एक पासधारक